चालकासह सात

आमच्या घरात माणसं मोजत नाहीत. पोळ्याही मोजत नाहीत. लग्न होऊन आले त्या पहिल्याच आठवड्यात मी सवयीनं विचारलं होतं, "जेवायला किती जण आहेत? तेवढी कणीक भिजवते." सासूबाईंनी हातातली भाजी निवडायची थांबवून माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी अभद्र बोलले होते.

"आगं, मानसं काय मोजायची असत्यात? मोजलं की नजर लागती. कर अंदाजानं."

तेव्हापासून दहा वर्षं मी अंदाजानंच करते. अंदाज चुकला की दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांना फोडणीची पोळी. तक्रार नाही. पण गंमत अशी की माझी नोकरीच मोजण्याची आहे. नाशिक रोडच्या एका प्राथमिक शाळेत मी शिकवते आणि शाळा सुटताना माझ्याकडे बसची ड्युटी असते. पायरीशी उभं राहायचं, चढणाऱ्या प्रत्येक डोक्यावर हात ठेवून मोजायचं, आत जाऊन पुन्हा मोजायचं, आणि आकडा जुळला तरच ड्रायव्हरकाकांना 'चला' म्हणायचं. शाळेत मोजलं नाही तर मेमो, घरी मोजलं तर पाप. दोन्हीकडे मी गुपचूप जुळवून घेतलं होतं.

सासूबाई स्वतः मोजायच्या, पण फक्त धान्य. त्या सिन्नरकडच्या शेतकऱ्याच्या लेक. गावाहून वर्षाची बाजरी आली की त्या जमिनीवर मांडी घालून बसायच्या आणि माप भरभरून कोठीत ओतायच्या. पहिल्या मापाला मात्र 'एक' म्हणायच्या नाहीत. "लाभ," म्हणायच्या. मग दोन, तीन, चार. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "धान्याला एक म्हनू नाय. लाभ म्हनलं की पुरवठ्याला येतं." मी हसले होते. तेव्हा मला बरंच हसू यायचं.

हे सगळं आधीच सांगते आहे, कारण पुढे जे झालं त्याचं खापर माझ्या मोजण्यावरच फुटलं.

मोठ्या दिरांनी गाडी घेतली. पांढरी, ऐसपैस, सात जणांची. पुढे दोन, मध्ये तीन, मागे दोन. सासूबाईंनी बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकांखाली लिंबं ठेवली, आणि गाडी सावकाश पुढे नेऊन दिरांनी ती चिरडली. दुसऱ्याच दिवशी त्यांनी सीटना जाडजूड कव्हरं घालून आणली. इतकी घट्ट की मधल्या सीटवरच्या बेल्टची बक्कलं कव्हराच्या आत गडप झाली. मी बोटांनी चाचपडून बघत होते तर दीर म्हणाले, "बाई, काय हरवलं?" ते मला बाईच म्हणतात, शाळेतल्या पोरांसारखं, चिडवायला.

"बक्कल सापडत नाहीये, भाऊजी."

"मागच्यांना कशाला लागतंय ते? शो जातो कव्हराचा."

गाडीच्या कागदांवर लिहिलं होतं, आसनक्षमता सात, चालकासह. मी ते त्यांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, "म्हणजे सात पॅसेंजर. ड्रायव्हर काय पॅसेंजर असतो का?" मी म्हटलं, चालकासह म्हणजे तुम्ही धरून सात. तर ते हसत हसत म्हणाले, "आणि पोरं? पोरं थोडीच मोजतात. पोरं कुठेही बसतात." सगळे हसले. तसा माणूस मनाचा मोठा आहे. कुणाला मागे ठेवून जाणं त्यांना जमतच नाही. पाहुणा दारात उभा दिसला तर 'चला की, होतंय' म्हणून त्यालाही आत कोंबतील. या 'होतंय'ची मला पुढे पुढे भीती वाटायला लागली.

माझी लेक तेव्हा चार वर्षांची होती. तिची जागा पहिल्या दिवशीच ठरली. पुढे, आजीच्या मांडीवर.

पुढच्या सीटवरचा बेल्ट लावला नाही की गाडी टिंग टिंग करते. सासूबाईंना तो आवाज सहन होत नसे. "लावते गं बाई, लावते," असं गाडीलाच म्हणत त्या पट्टा ओढायच्या. आणि पहिल्याच दिवशी त्यांनी तो पट्टा मांडीवरच्या नातीच्याही पुढून घेतला. दोघी एकाच पट्ट्यात. "मी एकटीच कशी बांधून घिऊ? पोरीला उघडं टाकून?" लेकीला तर गोधडीत शिरल्याचा आनंद. दीर कौतुकानं म्हणाले, "बघा, आजी-नातीचं एकच तिकीट." मलाही ते गोड वाटलं. तो फोटो अजून माझ्या मोबाइलमध्ये आहे. मी तो उघडत नाही.

त्यानंतर महिन्याभरानं आमच्या शाळेत बसच्या ताईंना आणि आम्हा ड्युटीवाल्या शिक्षिकांना बसमधल्या मुलांच्या सुरक्षेबद्दल शिकवायला एक गृहस्थ आले. साधेच, बुशकोट घातलेले. त्यांनी मला पुढे बोलावलं, खुर्चीत बसवलं, मांडीवर बालवाडीतली कापडी बाहुली दिली आणि एक पट्टा माझ्या आणि बाहुलीच्या पुढून घेऊन खुर्चीला बांधला. "आता जोरात पुढे वाका," म्हणाले. मी वाकले. "बाई, बाहुली कुठे गेली?"

बाहुली पट्टा आणि माझं पोट यांच्यामध्ये दुमडली होती. डोकं पायांना लागलं होतं.

"बाईंनीच दाबली," ते शांतपणे म्हणाले. "ब्रेक लागला की मोठ्या माणसाचं सगळं वजन मुलावर येतं. आणि समोरून जो फुगा फुटतो, एअरबॅग, तो मोठ्यांसाठी केलेला असतो, मांडीवरच्या मुलावर तो आधी आदळतो." माझ्या मैत्रिणी माझी फजिती झाली म्हणून हसत होत्या. मी बाहुलीचं डोकं पुन्हा सरळ करत होते.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. त्यानं नीट ऐकलं, हे मान्य करते. मग म्हणाला, "खरंय तुझं. पण आईला काय सांगू? नातीला मांडीवर घेऊ नकोस?" मी म्हटलं, हो, तेच सांग. तो म्हणाला, "बघतो." आमच्याकडे 'बघतो' म्हणजे विषय संपला.

आणि मीही काही बोलले नाही. शाळेत एक मूल कमी भरलं तर बस अडवणारी मी, घरात सून होते. दर रविवारी गाडी निघायची. कधी गंगापूर धरणाकडे, कधी त्र्यंबकला. दर रविवारी कुणीतरी पाहुणा आत घेतलेला असायचाच, मी मधल्या सीटवर चौथी म्हणून अर्धी लटकत बसायचे, पुढच्या दोन सीटांच्या फटीतून लेकीच्या वेणीकडे बघायचे, आणि समोरच्या गाडीच्या ब्रेकचा दिवा दिसला की माझी बोटं आपोआप समोरची सीट पकडायची. जणू मी सीट धरली तर ती वाचणार होती. दर रविवारी काही झालं नाही. काही झालं नाही म्हणून पुढच्या रविवारी बोलणं आणखी अवघड व्हायचं.

मग नवस फेडायचा दिवस आला. गाडी झाली तर ती वणीच्या गडावर आणून देवीला दाखवीन, असं सासूबाई बोलल्या होत्या. नणंद माहेरी आली होती, तिलाही यायचं होतं. पुढे दीर आणि सासूबाई, सासूबाईंच्या मांडीवर माझी लेक. मध्ये नवरा, जाऊ, नणंद आणि मी. मागे जावेची दोन मुलं. नैवेद्याच्या पुरणपोळ्यांचा मोठा स्टीलचा डबा माझ्या मांडीवर. दार दोनदा आपटल्यावर बंद झालं. "होतंय, होतंय," दीर म्हणाले.

दिंडोरीपर्यंत ठीक होतं. पुढे द्राक्षांच्या बागा सुरू झाल्या आणि एका बागेतून ट्रॅक्टर थेट रस्त्यावर आला. दिरांनी करकचून ब्रेक दाबला. आम्ही मधले चौघे पुढच्या सीटांवर जाऊन आदळलो. डबा माझ्या गुडघ्यांवर आपटला. पुढून 'आई गं' असा सासूबाईंचा आवाज आला, आणि लेकीचा काहीच आवाज आला नाही. मग दोन क्षणांनी तिनं भोकाड पसरलं. मला इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं, तिच्या रडण्यानं.

"काही नाय झालं, काही नाय झालं," सासूबाई तिला थोपटत होत्या. दिरांनी ट्रॅक्टरवाल्याला शिव्या घातल्या. नणंद म्हणाली, "देवीनंच राखलं." गाडी पुन्हा चालू लागली आणि पाच मिनिटांत सगळे विसरले. मी विसरले नाही. आतून मला कोणीतरी सांगत होतं की ही नुसती खूण होती, अजून व्हायचं राहिलंय.

नांदुरीला, गडाच्या घाटाच्या पायथ्याशी, चहाला थांबलो. मी लेकीला घेतलं, तोंड धुतलं. फ्रॉकची कॉलर बाजूला केली तर गळ्यावर, कानाखालून हनुवटीखाली, लाल रेघ उठली होती. पट्ट्याच्या काठाची. बरोबर गळ्यावर.

मी तिला कडेवर घेऊन गाडीपाशी आले. सगळे पुन्हा चढत होते. सासूबाई बसल्या होत्या, पट्टा हातात धरून, दुसरा हात पुढे केलेला. "आन तिला."

मी म्हणाले, "नाही."

आणि मग काय झालं मला कळत नाही, मी बसच्या पायरीशी उभी असल्यासारखी बोट दाखवत मोजायला लागले. मोठ्यानं. "एक. दोन. तीन. चार..." दिरांपासून सुरुवात केली, सासूबाई, नवरा, जाऊ, नणंद, मागची मुलं, माझ्यावर बोट ठेवलं, आणि शेवटी लेकीच्या डोक्यावर. "नऊ. भाऊजी, नऊ आहेत. कागदावर सात आहेत. तुम्ही धरून."

जावेनं कानांना हात लावला. सासूबाईंचा चेहरा मी आधी कधी तसा पाहिला नव्हता. त्या रागावल्या नव्हत्या, घाबरल्या होत्या.

"देवाच्या वाटंवर मानसं मोजली तू?" त्या हळूच म्हणाल्या. "एक म्हनून?"

"आई, हिचा गळा बघा."

त्यांनी पाहिला नाही. नवरा म्हणाला, "आता आलोच आहोत ना सगळे... म्हणजे बस ना, वर दहा मिनिटांत पोचू." दीर स्टिअरिंगवर बोटं वाजवत होते. "बाई, ही काय शाळेची बस आहे?"

"शाळेची असती तर हलली नसती," मी म्हणाले. "आम्ही दोघी एसटीनं येतो."

लेक आजीकडे हात करून रडत होती. आजीनं तिच्याकडे बघितलं, मग समोर काचेकडे. मी उतरताना डबा सीटवर ठेवला होता. नवऱ्यानं तो उचलून पुढे दिला. सासूबाईंनी तो मांडीवर घेतला, टिंग टिंग सुरू झालं तसा पट्टा ओढला, आणि गाडी गेली. गाडीत आता बरोबर सात जण होते. हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं. मनात नको असतानाही मी मोजलंच होतं.

एसटी पाचच मिनिटांत मिळाली. लेक माझ्यावर रुसून खिडकीला नाक लावून बसली होती. मी स्वतःला शिव्या देत होते. सणावाराला तमाशा केला, आता वर गेल्यावर कोणत्या तोंडानं ओटी भरू. घाटात चार वळणं झाली आणि बस थांबली. पुढे गाड्यांची रांग. कंडक्टर खाली उतरून बघून आला आणि आपल्याशीच बोलल्यासारखा म्हणाला, "पांढरी गाडी हाय. कडंला धडाकली."

मी लेकीला कडेवर घेऊन पळाले. पायात चप्पल होती की नाही आठवत नाही. वरून उतरणारी एक पिकअप वळणावर आडवी आली होती, दिरांनी तिला वाचवायला गाडी डोंगराच्या बाजूला घातली होती. डावा कोपरा खडकात. स्वस्तिक चुरगळलेलं. रस्त्याच्या कडेला आमची माणसं बसली होती आणि मी पळता पळता मोजत होते. एक, दोन, तीन. जावेच्या कपाळातून रक्त. नणंदेनं मनगट धरलेलं. मुलं रडत होती, म्हणजे होती. सहा. गाडीच्या दाराशी धडपडणारा नवरा धरून सहाच होते.

सातव्या सासूबाई अजून गाडीत होत्या. फुगा फुटून त्यांच्यासमोर लोंबत होता. नवरा दार ओढत होता, ते अडकलं होतं. त्या शुद्धीवर होत्या. मान वळवून त्यांनी माझ्याकडे नाही, माझ्या कडेवर पाहिलं. बघतच राहिल्या.

दार निघालं तेव्हा डबा त्यांच्या मांडीवरून खाली पडला. मी तो उचलला. झाकण आत शिरलं होतं, डब्याचं पोट पाठीला टेकलं होतं, आणि फटीतून पुरण बाहेर आलं होतं. जाड स्टीलचा डबा. माझ्या लेकीच्या छातीएवढा.

सासूबाईंच्या तीन बरगड्या आणि गळ्याचं हाड मोडलं. जावेच्या कपाळाला टाके पडले, कारण मधल्या सीटच्या बेल्टची बक्कलं कव्हराखाली होती. जीव कुणाचा गेला नाही. दवाखान्यात भेटायला येणारे एकच विचारायचे, कसं झालं? आणि जाऊ माझ्याकडे न बघता सांगायची, "निघताना माणसं मोजली गेली." नणंदेनं फोनवर कुणाला तरी सांगितलेलं मी ऐकलं, "वहिनीनं मोजली, आणि बरोबर तिची तेवढी वाचली." पट्ट्याबद्दल कुणी बोललं नाही. कव्हराबद्दल कुणी बोललं नाही. पिकअपबद्दलसुद्धा फारसं नाही.

मला राग आला. घरातली सगळी भांडी फोडावीत असा राग. पण खरं सांगायचं तर रागापेक्षा भीती जास्त होती. रात्री पडल्यावर वाटायचं, मी मोजलं नसतं तर? शिकलेली बाई, पण वाटायचं. आणि मग तो डबा आठवायचा, आणि वाटायचं, मी मोजलं नसतं तर. तेच वाक्य, पण आता अर्थ दुसरा. नवऱ्याला मी विचारलं, तुला काय वाटतं? तो दुसऱ्या दिवशी दुकानातून लहान मुलांची गाडीतली खुर्ची घेऊन आला आणि खोलीच्या कोपऱ्यात ठेवली.

सासूबाई घरी आल्या, पण माझ्याशी कामापुरतंच बोलायच्या. तो डबा फेकू दिला नाही. स्वयंपाकघरात कोठीशेजारच्या फळीवर ठेवला, चेपलेली बाजू पुढे करून. मला वाटायचं, मला दाखवायला ठेवलाय. येता-जाता माझी नजर खाली जायची. लेकीला त्यांनी जवळ घेतलं, पण मांडीवर घेतलं नाही. बरगड्या दुखतात म्हणायच्या. बरगड्या बऱ्या झाल्यावरही तेच म्हणायच्या.

गाडी दुरुस्त होऊन आली. तीन महिने कुणी तिच्यात एकत्र बसलं नाही. मग नणंदेच्या सासरी, मालेगावला, बारशाचं आमंत्रण आलं, आम्हाला न्यायला नणंद स्वतःच आली आणि जाणं भाग पडलं. सकाळी आम्ही खाली आलो. मी धास्तावून मागे उभी होते, ठरवलं होतं की आज तोंड उघडायचं नाही, सरळ एसटी स्टँड गाठायचं.

गाडीचं मधलं दार उघडं होतं आणि सासूबाई आत वाकल्या होत्या. हातात शिवणाची मोठी कात्री. सीटची कव्हरं टराटरा कापून बाजूला टाकलेली, तिन्ही बक्कलं बाहेर काढून ओळीनं मांडलेली, आणि खोलीच्या कोपऱ्यातली ती लहान मुलांची खुर्ची मधल्या सीटवर एका बाजूला बांधलेली. दीर बाजूला त्यांच्या महागातल्या कव्हराच्या चिंध्या गोळा करत होते.

"चला," सासूबाई म्हणाल्या आणि दारापाशी उभ्या राहिल्या. त्यांनी चढणाऱ्या प्रत्येकाला हातानं अडवलं. दीर म्हणाले, "आई, माणसं मोजतेस?"

"मोजत नाय. माप घालती."

मग मला म्हणाल्या, "तिला आन आधी. तिच्या खुर्चीत बसव."

मी लेकीला खुर्चीत बसवलं, तिचा पट्टा तिला लावला. त्यांनी मागून वाकून बक्कल एकदा ओढून बघितलं. मग एकेकाला आत सोडत, डोक्यावर हात टेकवत गेल्या, दोन, तीन, चार, शेवटी स्टिअरिंगवर बसलेल्या दिरांच्या टकलावर सात म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. स्वतः धाकट्या नातवाचा हात धरून बाहेरच राहिल्या. "आमी एसटीनं येतो."

पण त्याआधी, अगदी पहिल्यांदा, त्यांनी माझ्या लेकीच्या डोक्यावर हात ठेवला होता. बराच वेळ ठेवला. मला वाटलं, आकडा उच्चारायला त्या घाबरतायत.

"लाभ," त्या म्हणाल्या.